विजेच्या कंपनीचा रिबेट: कारखान्यातली घरं विकायला नव्याने लागलेल्यांसाठी

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, बॉयसीला आलो तेव्हा आयडाहोबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की इथे बटाटे पिकतात. वर्क परमिट हातात पडल्यावर पहिली नोकरी लागली ती कारखान्यात बांधून आणलेली घरं विकणाऱ्या एका लॉटवर. लॉट म्हणजे गाड्यांच्या शोरूमबाहेर असते तशी उघडी जागा. खडी पसरलेली, तिच्यावर सात-आठ अख्खी घरं मांडलेली आणि प्रत्येकाच्या दाराला तात्पुरता लाकडी जिना. मालकाने एक खण उघडून दाखवला आणि म्हणाला, हे तेवढं बघ. आत रिबेटचे अकरा अर्ज होते. रिबेट म्हणजे कमी वीज खाणारं नवं घर घेणाऱ्याला वीज कंपनी नंतर देते ते पैसे. पाचांची मुदत टळून गेलेली, तिघांवर सही नाही, एकावर घराच्या नंबराच्या जागी गिऱ्हाइकाचा फोन नंबर. अकरापैकी दोनच धड.

तेव्हापासून हे काम माझ्याच गळ्यात आहे. अलीकडे ओळखीतला एक पुण्याचा मुलगा अशाच लॉटवर विक्रीला लागला, आणि नागपूरच्या एका जोडप्याने दुसऱ्या एका लॉटमध्ये भागीदारी घेतली. दोघांनी मला विचारलं ते एकच: अर्ज कसा भरायचा? अर्ज भरणं दहा मिनिटांचं काम आहे. रिबेट मिळणार की नाही हे त्याच्या कितीतरी आठवडे आधी, घराची ऑर्डर कारखान्याला जाते त्या दिवशीच ठरून गेलेलं असतं. म्हणून मी ऑर्डरच्याही आधीपासून सुरुवात करते. अर्ज पार शेवटी येईल.

आधी धंद्यातले शब्द

या लॉटवर दिवसभर 'हड' आणि 'नीम' हे दोन शब्द कानावर पडतात. कुत्र्याला हाकलतात ते हड वेगळं, आणि कडुलिंबाचाही इथे काही संबंध नाही. हड म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचं गृहनिर्माण आणि नगरविकास खातं. कारखान्यात बांधलेली, कायमच्या लोखंडी चासीवर बसलेली घरं १५ जून १९७६ पासून या खात्याच्या नियमांनुसार बांधावी लागतात. त्या तारखेनंतरचं घर 'मॅन्युफॅक्चर्ड होम', आधीचं 'मोबाईल होम'. गिऱ्हाईक सगळ्यांनाच मोबाईल होम म्हणतं. त्याला सुधारत बसू नका, पण कागदावर तुम्ही चुकू नका.

एका तुकड्यात येतं ते सिंगल-वाइड, दोन तुकड्यांत येतं ते डबल-वाइड. डबल-वाइडची दोन अर्धी जागेवर आणून जिथे जुळवतात त्या सांध्याला इथे 'मॅरेज लाइन' म्हणतात. लग्न नीट लागलं नाही की मधून वारा येतो.

नीम हा वायव्य अमेरिकेतल्या कारखान्यांसाठीचा ऊर्जा-बचतीच्या घरांचा कार्यक्रम आहे. हडच्या नियमांनी देशाचे थंडीनुसार तीन भाग पाडलेत आणि आयडाहो तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात थंड गटात येतं. पण हडचा नियम म्हणजे पास होण्यापुरते पस्तीस मार्क. नीमचं किंवा एनर्जी स्टारचं (हा ऊर्जा-बचतीचा केंद्र सरकारचा शिक्का) घर त्याच्या बरंच वर असतं. भिंतीत आर-२१ आणि जमिनीखाली आर-३३ इन्सुलेशन, चांगल्या काचांच्या खिडक्या, हवा न गळणारे डक्ट, म्हणजे घरभर गरम हवा नेणाऱ्या नळ्या. 'आर'चा आकडा जितका मोठा तितकी उष्णता कमी निसटते, एवढं कळलं तरी तुमचं काम भागतं.

वीज कंपनी पैसे का देते

हे गिऱ्हाईक विचारतंच, आणि संशयाने विचारतं. वीज विकणारा माणूस वीज कमी वापरायला पैसे देतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय असं कुणालाही वाटेल.

उत्तर सोपं आहे. नवीन वीजकेंद्र बांधण्यापेक्षा वाचवलेलं युनिट स्वस्त पडतं. या भागात तर हा विचार कायद्यातच आहे. १९८० च्या नॉर्थवेस्ट पॉवर ॲक्टने वीज वाचवणं हाच विजेचा पहिला स्रोत मानला, धरणं आणि अणुभट्ट्या त्याच्यानंतर. १९९२ मध्ये बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशन (धरणांची वीज विकणारी केंद्र सरकारची संस्था) आणि इथल्या वीज कंपन्यांनी तर थेट कारखान्यांनाच पैसे दिले. विजेवर तापणारं प्रत्येक घर चांगल्या दर्जाचं बांधलं तर घरामागे २,५०० डॉलर. सगळ्या कारखान्यांनी एकदमच पद्धत बदलली. पुढे ती रक्कम कमी झाली आणि योजना संपली, पण कारखान्यांना जाड भिंती बांधायची सवय लागली ती लागलीच.

नव्या घरावरच पैसे का, याचं कारण मी गिऱ्हाइकाला असं सांगते: फ्रिज दहा वर्षांनी बदलता येतो, भिंत एकदा बंद झाली की तिच्यात हात घालता येत नाही. कारखान्यात दोन इंच जास्त इन्सुलेशन भरायला जो खर्च येतो, त्याच्या कितीतरी पट तेच काम घर उभं राहिल्यावर करायला येतो. म्हणून वीज कंपनीला घर बांधलं जात असतानाच गाठायचं असतं. आणि त्या वेळी गिऱ्हाइकाच्या समोर बसलेला माणूस म्हणजे तुम्ही.

म्हणूनच काही योजनांमध्ये विकणाऱ्यालाही थोडे पैसे मिळतात. त्याला इथे 'स्पिफ' म्हणतात. आयडाहो पॉवर या इथल्या वीज कंपनीच्या 'रिबेट ॲडव्हांटेज' योजनेत मी काम शिकले तेव्हा घर घेणाऱ्याला १,००० डॉलर आणि विकणाऱ्या व्यक्तीला २०० डॉलर असा दर होता. योजना २००३ पासूनची, आणि दर मधे बदललेत. त्यामुळे माझ्या किंवा कुणाच्याही लेखातला आकडा गिऱ्हाइकाला सांगू नका. त्या आठवड्यात कंपनीच्या साइटवरून उतरवलेल्या अर्जावर जो आकडा असेल तो सांगा. लॉटच्या खणात गेल्या वर्षीच्या अर्जांचा गठ्ठा असेल तर तो आजच फेकून द्या.

पायरी १: घर कुठे बसणार?

गिऱ्हाईक आत आलं की बाकी सगळे बेडरूम मोजतात. मी पत्ता विचारते. लॉटचा पत्ता किंवा गिऱ्हाईक आत्ता राहतं तिथला पत्ता काही कामाचा नाही. घर ज्या जमिनीवर बसणार तिथली वीज कुणाची, हे आधी कळायला हवं.

दक्षिण आयडाहोचा बराच भाग आयडाहो पॉवरचा आहे. पूर्वेकडे रॉकी माउंटन पॉवर, उत्तरेकडच्या चिंचोळ्या पट्ट्यात अविस्टा आणि सहकारी वीज संस्था. काही गावांची वीज नगरपालिकेची. वीझर गावात ही घरं बांधणारा कारखाना आहे, पण गावाची वीज पालिकेची! म्हणजे कारखान्यातून निघालेलं घर गावातच बसलं तर एक नियम, गावाबाहेर बसलं तर दुसरा. उलट, स्नेक नदी ओलांडली की ओरेगन राज्य सुरू होतं, पण पलीकडच्या ऑन्टॅरिओत वीज आयडाहो पॉवरचीच. राज्याची हद्द आणि विजेची हद्द यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो.

शेजाऱ्याचं वीजबिल हा सगळ्यात खात्रीचा पुरावा. रिकाम्या प्लॉटला बिल नसतं, शेजाऱ्याला असतं. पार्कमध्ये, म्हणजे भाड्याच्या जागेवर घर बसणार असेल तर पार्कच्या मॅनेजरला विचारा. मीटर प्रत्येक घराचा वेगळा आहे की पार्कचा एकच, हेही तेव्हाच विचारून घ्या. मीटर गिऱ्हाइकाच्या नावावर नसेल तर अर्ज अडकू शकतो.

तुम्ही दुसऱ्या राज्यात असाल तर कंपन्या वेगळ्या, पायरी हीच. ओरेगनमध्ये मोठ्या खासगी वीज कंपन्यांच्या ग्राहकांसाठी एनर्जी ट्रस्ट ऑफ ओरेगन ही संस्था हे पैसे वाटते. २००२ पासून तिचं काम सुरू आहे आणि पैसा लोकांच्या बिलातूनच येतो. बॉनव्हिलकडून वीज घेणाऱ्या छोट्या संस्थांमध्ये स्थानिक कार्यालयात फोन केला की थेट माणूस भेटतो. मला त्या संस्था आवडतात. फोनवर 'एक दाबा, दोन दाबा' नसतं.

पायरी २: घर तापणार कशावर?

वीज कंपनीचा रिबेट म्हणजे घर विजेवर तापणारं हवं. रिबेट ॲडव्हांटेजची अट तर पूर्ण विजेवरच्या घराची आहे. गिऱ्हाइकाला गॅसची शेगडी हवी असेल, शेतावरच्या घरात प्रोपेनची टाकी बसवायची असेल, तर ते ऑर्डर जायच्या आधी कळायला हवं. गॅसच्या शेगडीने रिबेट जातो की नाही हे स्वतःच्या मनाने ठरवू नका, कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवर मिळालेलं उत्तर सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

साधी इलेक्ट्रिक फर्नेस म्हणजे मोठा हीटर. एक युनिट वीज घेते, एक युनिट उष्णता देते. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आणतो, त्यामुळे एका युनिटात दोन-तीन युनिटांची उष्णता मिळते. कारखान्यातून बहुतेक घरं फर्नेससह येतात आणि हीट पंप जागेवर स्थानिक माणूस बसवतो. त्यासाठी काही कंपन्यांचा वेगळा रिबेट असतो. दोन्ही एकाच घरावर मिळतात का, ते अर्जाच्या मागच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. वाचा. चष्मा लावून वाचा.

पायरी ३: ऑर्डर

सगळी गंमत या पायरीवर आहे, आणि आमच्या लॉटवर मोठं फजितवाडं झालं तेही इथेच.

ऑन्टॅरिओहून एक म्हातारं जोडपं आलं होतं. लॉटवर मांडलेलं डबल-वाइड त्यांना आवडलं, तेच हवं, थांबायची तयारी नाही. आमच्या विक्रेत्याने सांगून टाकलं की याच्यावर हजार डॉलर रिबेट आहे, कारण त्याच कारखान्याचं, त्याच नकाशाचं घर महिन्यापूर्वी विकलं होतं आणि त्याच्यावर मिळाला होता. व्यवहार झाला, घर गेलं, बसलं. मी अर्ज भरायला घेतला तर घराचं एनर्जी स्टारचं प्रमाणपत्रच सापडेना. कारखान्याला फोन केला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, ते घर साध्या पॅकेजचं आहे, तुमच्याच ऑर्डरमध्ये एनर्जी स्टारचा रकाना रिकामा होता. नकाशा तोच, रंग तोच, पण भिंतीच्या आत इन्सुलेशन कमी. आता भिंत कोण उघडणार? मालकाने खिशातून हजार डॉलर दिले आणि पुढचा आठवडाभर कुणाशी बोलला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे दोन नियम आहेत. पहिला लॉटवर नमुना म्हणून मांडायच्या घरांसाठी: ती घरंसुद्धा चांगल्या पॅकेजचीच मागवायची. तयार घर विकताना विक्रेत्याची जीभ आधी धावते, घर मागून येतं. दुसरा, नवीन ऑर्डर देताना पॅकेजचं नाव ऑर्डर फॉर्मवर आणि गिऱ्हाइकाच्या करारावर दोन्हीकडे शब्दात लिहायचं. 'नीम' किंवा 'एनर्जी स्टार', जे असेल ते, पूर्ण नावाने. नुसतं 'एनर्जी पॅकेज' लिहिलं तर कारखान्यात त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो, एका ठिकाणी तो फक्त जाड पडद्यांचा निघाला होता. कारखान्याकडून पक्की ऑर्डर छापून येते, ती ओळ न् ओळ वाचून मग सही करा. घर लाइनवर चढलं की बदल होत नाहीत.

तयार घर विकायचं असेल तर तोंड उघडण्याआधी आत जाऊन लेबल बघा. एनर्जी स्टारचं किंवा नीमचं लेबल सहसा इलेक्ट्रिक पॅनेलच्या किंवा डेटा प्लेटच्या (घराच्या आत चिकटवलेला माहितीचा कागद) आसपास असतं. दिसलं नाही तर कारखान्याला सिरियल नंबर सांगून विचारा. पाच मिनिटांचा फोन.

पायरी ४: गिऱ्हाइकाला हिशोब मांडून दाखवा

आपल्याकडे आई जसा किराण्याचा हिशोब पाठकोऱ्या कागदावर मांडायची, तसा मांडा. माझा नमुना असा असतो. आकडे धरून चाललेले आहेत, गिऱ्हाइकाच्या ठिकाणचे खरे आकडे तुम्ही घाला.

चांगल्या पॅकेजला समजा २,००० डॉलर जास्त. कर्ज २० वर्षांचं, व्याज ९ टक्के. या घरांवर बऱ्याचदा जमिनीशिवायचं 'चॅटल' कर्ज असतं आणि त्याचं व्याज नेहमीच्या गृहकर्जापेक्षा चढं असतं, म्हणून ९. त्या २,००० चा महिन्याचा हप्ता साधारण १८ डॉलर. आता समजा वर्षाला ३,००० युनिटं वाचली आणि युनिटला ११ सेंट पडतात. वर्षाचे ३३० डॉलर, महिन्याचे साडेसत्तावीस. हप्ता १८ ने वाढला, बिल साडेसत्तावीसने उतरलं. पहिल्या महिन्यापासून साडेनऊ डॉलर हातात राहिले, आणि हजाराचा रिबेट त्याच्यावर वेगळा.

या हिशोबात मी रिबेट शेवटी घेते, आणि तो मुद्दाम. विक्रेत्यांना तो पहिल्या वाक्यात घालायचा मोह होतो. पण ज्या गिऱ्हाइकाने फक्त हजार डॉलरसाठी पॅकेज घेतलं, त्याला चेक यायला उशीर झाला की ते रोज फोन करतं. ज्याने बिलासाठी घेतलं ते शांत असतं. शिवाय रिबेट घराच्या किमतीतून आधीच वजा करून दाखवू नका. तो गिऱ्हाइकाचा, वीज कंपनीकडून येणारा, नंतर येणारा पैसा आहे. किमतीच्या घासाघिशीत तो ओढला की अर्ज नाकारला गेला तर भरपाई तुमच्या बोडक्यावर बसते.

तुमच्या स्पिफबद्दल सांगायचं का? मी सांगायला लावते. 'या घरावर मलाही वीज कंपनीकडून २०० डॉलर मिळतात' हे वाक्य सरळ बोलून टाकावं. एका विक्रेत्याला वाटायचं की याने गिऱ्हाईक बिचकेल. प्रत्यक्षात गिऱ्हाईक हसतं आणि म्हणतं, मग अर्ज तूच भर.

पायरी ५: नंबर

कागदाचं काम इथून सुरू. एका घरावर तीन वेगळ्या ठिकाणी माहिती असते आणि नवीन माणूस त्यांची हमखास सरमिसळ करतो.

बाहेरच्या भिंतीवर, मागच्या टोकाला, लाल धातूची छोटी पट्टी असते. ते हडचं लेबल. तीन अक्षरं आणि सहा आकडे. डबल-वाइडला दोन तुकडे म्हणून दोन पट्ट्या, दोन वेगळे नंबर. सिरियल नंबर निराळा. तो कारखान्याने दिलेला असतो, चासीच्या पुढच्या लोखंडी आडव्या पट्टीवर ठोकलेला असतो, आणि डबल-वाइडमध्ये बहुधा शेवटी 'ए' आणि 'बी' लागतं. तिसरी डेटा प्लेट, म्हणजे घराच्या आत चिकटवलेला कागद. स्वयंपाकघरातल्या कपाटात, इलेक्ट्रिक पॅनेलजवळ किंवा बेडरूमच्या कपाटात सापडतो. त्याच्यावर कारखान्याचं नाव, बांधणीची तारीख, सिरियल नंबर आणि देशाच्या कोणत्या थंडी-वाऱ्याच्या भागासाठी घर बांधलंय त्याचे नकाशे असतात.

रिबेटच्या अर्जात सहसा सिरियल नंबर मागतात, कारण प्रमाणपत्र त्याच्यावर असतं. मी काय करते, तर घर लॉटवर उतरल्याच्या दिवशी तिन्हींचे फोटो काढते आणि गिऱ्हाइकाच्या नावाने एका फोल्डरमध्ये टाकते. घर एकदा बसलं आणि खालून स्कर्टिंग, म्हणजे घराखालची पोकळी झाकणारा आडोसा, लागलं, की चासीवरचा नंबर वाचायला पोटावर सरपटत जावं लागतं. मी एकदा गेलेय. जानेवारीत. शून्य आणि 'ओ' यांतला फरक बॅटरीच्या उजेडात, उणे तापमानात, बघायचा असतो.

पायरी ६: घर बसवताना एकदा खाली वाकून बघा

विक्रेते म्हणतात बसवणं आपलं काम नाही. लायसन्स असलेला इन्स्टॉलर ते करतो हे खरं. पण कारखान्यात कमावलेली बचत घालवायची सगळ्यात सोपी जागा हीच आहे, आणि एनर्जी स्टारच्या घरांसाठी जागेवरच्या कामाची तपासयादी भरावी लागते. ती यादी कोरी राहिली तर तुमच्या फाइलला भोक पडतं.

डबल-वाइडमध्ये गरम हवा एका अर्ध्यातून दुसऱ्यात नेणारी जाड, लवचिक नळी घराच्या पोटाखालून जाते. तिला क्रॉसओव्हर डक्ट म्हणतात. ती जमिनीला टेकता कामा नये, पट्ट्यांनी नीट टांगलेली हवी, दोन्ही टोकं घट्ट बांधलेली हवीत. एका गिऱ्हाइकाने पहिल्याच हिवाळ्यात फोन केला: तुमचं बचतीचं घर, आणि बिल जुन्या घरापेक्षा जास्त. स्वयंपाकघराकडचा अर्धा भाग गार, फर्नेस रात्रंदिवस चालू. इन्स्टॉलरबरोबर मीही गेले. स्कर्टिंगचा एक तुकडा काढला तर आतून गरम वाफाळलेली हवा अंगावर आली. क्रॉसओव्हरचं एक टोक निसटलेलं, आणि त्याच्या बरोबर समोर एक पिवळं मांजर पाय पसरून झोपलेलं. अख्खा डिसेंबर आमच्या गिऱ्हाइकाने त्या मांजरासाठी वीज जाळली होती. पट्टा आवळायला वीस मिनिटं लागली.

म्हणून बसवण्याच्या दिवशी मी चार गोष्टी डोळ्यांनी बघते. क्रॉसओव्हर टांगलेला आहे का. मॅरेज लाइनमध्ये फट बुजवणारी गॅस्केट आहे का. घराच्या पोटाला लावलेलं काळं कापड कुठे फाटलं असेल तर ठिगळ लावलंय का. आणि खाली जमिनीवर ओल अडवणारं प्लॅस्टिक अंथरलंय का. हीट पंप असेल तर पाचवी: थर्मोस्टॅट हीट पंपसाठीच लावलाय ना. चुकीचा असेल तर आतला हीटर सतत पेटतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. गिऱ्हाइकालाही सांगून ठेवा की रात्री तापमान खूप उतरवून सकाळी एकदम चढवू नका, त्यानेही हीटरच पेटतो.

पायरी ७: अर्ज

आता ती दहा मिनिटं. सहसा लागतं ते असं: घर घेणाऱ्याचं नाव, अगदी वीजखात्यावर आहे तसंच, घर बसलेला पत्ता आणि वीजखात्याचा क्रमांक, कारखान्याचं नाव, मॉडेल, सिरियल नंबर, खरेदीच्या कराराची प्रत, प्रमाणपत्र किंवा लेबलचा पुरावा, गिऱ्हाइकाची सही आणि विक्रेत्याची सही. नावाबद्दल मुद्दाम लिहिलं, कारण करार नवऱ्याच्या नावावर आणि वीज बायकोच्या नावावर हा प्रकार दर दोन महिन्यांनी होतो. दोघांच्या सह्या आधीच घेऊन ठेवा.

मुदत कोणत्या दिवसापासून मोजतात ते अर्जात शोधा आणि कॅलेंडरमध्ये टाका. खरेदीची तारीख, घर पोचल्याची तारीख, मीटर लागल्याची तारीख, हे तीन वेगळे दिवस असतात आणि त्यांच्यात दोन-तीन महिने जाऊ शकतात. आमच्या खणातले ते पाच अर्ज याच घोळात मेले होते. मी अर्ज कराराच्याच दिवशी भरून गिऱ्हाइकाची सही घेते, वीजखात्याचा क्रमांक तेवढा रिकामा ठेवते, आणि मीटर लागल्याचा फोन आला की त्याच दिवशी पाठवते.

कराचे दोन मुद्दे. गिऱ्हाइकाला वीज कंपनीकडून घरातल्या ऊर्जा-बचतीसाठी मिळणारी मदत केंद्राच्या आयकरात सहसा उत्पन्न धरली जात नाही, त्यासाठी कायद्यात कलम १३६ आहे. तरी त्याला त्याच्या कर सल्लागाराकडे पाठवा, तुम्ही सल्ला देऊ नका. तुमचा स्पिफ मात्र उत्पन्न आहे. कंपनी तुमच्याकडून डब्ल्यू-९ फॉर्म, म्हणजे तुमचं नाव आणि कर-क्रमांक कळवायचा कागद, मागेल. वर्षाखेरीस १०९९ (दिलेल्या पैशांचा कंपनीकडून येणारा कराचा कागद) येवो न येवो, रक्कम दाखवायची.

आणखी एक घोळ होतो तो ४५-एल नावाच्या केंद्राच्या कर-सवलतीचा. ही वीज कंपनीची नाही, आणि या घरांच्या बाबतीत ती गिऱ्हाइकाला किंवा लॉटला मिळत नाही, बांधणाऱ्या कारखान्याला मिळते. एनर्जी स्टारच्या घरामागे २,५०० डॉलर आणि केंद्रीय ऊर्जा खात्याच्या झिरो एनर्जी रेडी दर्जाच्या घरामागे ५,०००. २०२५ च्या कायद्याने ती ३० जून २०२६ नंतर घेतल्या जाणाऱ्या घरांसाठी बंद केली. तुम्हाला याचा संबंध एवढाच की कारखाने पॅकेजची किंमत ठरवताना ती सवलत धरत आलेत. तेव्हा जुन्या किमतीच्या यादीवर गिऱ्हाइकाला आकडा देऊ नका, नवीन यादी मागवा. आणि कुणी गिऱ्हाईक 'मला पाच हजार मिळणार असं वाचलंय' म्हणत आलं, तर ते हेच वाचून आलंय हे ओळखा.

पायरी ८: चेक

अर्ज पाठवला की पोच घ्या, ईमेलची असली तरी. सहा आठवड्यांनी एकदा विचारा. नाकारला गेला तर कारण लेखी मागा. बऱ्याचदा एखादा आकडा चुकलेला असतो, आणि फोल्डरमधले फोटो तेव्हा उपयोगी पडतात.

चेक गिऱ्हाइकाच्या नावाने टपालाने जातो, आणि इथे मी स्वतः एकदा माती खाल्ली. अर्जावर नव्या घराचा पत्ता टाकला. घर उभं होतं, वीज होती, माणसं राहायला आली होती. पण रस्त्याच्या तोंडाशी अजून टपालपेटीच बसवलेली नव्हती. पोस्टमनने पाकीट परत पाठवलं, वीज कंपनीने फाइल बंद केली, आणि ती पुन्हा उघडायला मला तीन महिने लागले. आता मी टपालाच्या रकान्यात गिऱ्हाइकाच्या मुलीचा, नाहीतर बहिणीचा पत्ता घेते, आणि तिला फोन करून सांगते की पाकीट पातळ असेल, जाहिरात समजून फेकू नका.